दोन टोपणं, कोमट पाण्यातून

धाकटा भाऊ दारू सोडून घरी आला, आणि घरात हुंगायचं व्यसन मला लागलं.

व्यसनमुक्ती केंद्रात गोळ्या होत्याच, पण शरीर आणि मन एकत्र धरून शिकवायचे. सकाळी दीर्घ श्वास. मग डोळे मिटून अंगभर लक्ष फिरवायचं. तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही, ती अंगात कुठं बसलीय ते नुसतं बघायचं. चढते आणि उतरते म्हणे. घरच्यांनीही हे शिकायचं असा तिथला नियम. पहिल्याच बैठकीत मी डोळे मिटले आणि घोरलो. "दादा फारच लवकर शांत झाले," समुपदेशक बाई म्हणाल्या.

दीर्घ श्वास मात्र मी पक्का शिकलो. भाऊ कागलच्या एमआयडीसीतून कंपनीच्या बसनं साडेसहाला यायचा. मी दारात उभा. तो बूट काढायला वाकला की मी पोट फुगवून श्वास घ्यायचो. नाकानं, सावकाश, अगदी बाईंनी दाखवल्यासारखा. मशीनचं ऑइल आणि घाम, एवढंच असायचं. मग सोडायचो. बस दहा मिनिटं लांबली तर दारापासून फाटकापर्यंत फेऱ्या मारायचो. भावाला हे सगळं कळत असणार.

तीन महिने असे गेले, पण त्याची भूक काही परतेना. रविवारी मटण असताना हा अर्ध्या भाकरीवर उठायचा. आमच्या घरात पांढऱ्या रश्श्याला कुणी नको म्हटलं तर बाकीचे त्याच्या कपाळाला हात लावून बघतात. डॉक्टरकडं जायला हवं होतं. पण घरात मी होतो ना! ओळखीच्या दुकानातून भूक लागायचं आयुर्वेदिक औषध आणलं. काळी बाटली, वर द्राक्षाचं चित्र. फ्रिजवर केंद्राचा कागद होता: विचारल्याशिवाय कोणतंही औषध देऊ नये, खोकल्याचंही नाही. तो चिकटवला मीच. पण माझ्या डोक्यात औषध म्हणजे गोळी नाहीतर इंजेक्शन. आयुर्वेदिक म्हणजे आपलं घरचंच की.

त्या रविवारी जेवण झाल्यावर दोन टोपणं कोमट पाण्यात घालून पेला त्याच्या हातात दिला. त्यानं एक घोट घेतला, गिळला, आणि तो तसाच थांबला. चेहरा उतरला. वरच्या ओठावर घाम.

"दादा, ह्यात काय हाय?"

"औषध हाय. भूक लागंल."

"बाटली वाच."

मी चष्मा शोधायला लागलो, तोवर बायकोनं बाटली उचलली. "अहो, ह्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल हाय म्हणून लिवलंय की! वाचलं न्हाई तुम्ही?"

भावानं पेला खाली ठेवला. इतका जपून ठेवला, जणू सांडला तर घर पेटेल. मग उठला आणि अनवाणीच बाहेर पडला.

"जावा की मागनं! भावजींना एकटं सोडू नका!" बायको ओरडली. मी पायाला लागल्या त्या चपला घालून पळालो. त्या तिच्या होत्या, फुलाच्या.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बार आहे. दुपारीही शटर अर्धं वर असतं. भाऊ सरळ तिकडंच निघालेला. तीन महिन्यांत जे बारवाल्याला जमलं नाही, ते मी एका पेल्यात करून दाखवलं होतं. बारच्या अलीकडं, विजेच्या खांबाशी तो थांबला. एक हात खांबावर, एक पोटावर. मागून मला नुसती पाठ दिसत होती, आणि पाठीवरून काही कळत नाही माणसाचं.

एक मोटारसायकलवाला थांबला. "काय पावणं, चक्कर आली काय?"

"न्हाई ओ. थांबलोय जरा."

"कुणासाठी?"

"उतरंल ती, म्हणून."

मोटारसायकलवाल्यानं माझ्याकडं बघितलं, चपलांकडं बघितलं आणि गाडी काढली.

"दादा, हिकडं ये," भाऊ मागं न बघताच बोलला. "मघापासनं म्हशीगत धापा टाकाय लागलायस."

मी जवळ गेलो. त्याचे डोळे मिटलेले होते.

"गळ्यात हाय अजून," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "छातीत आली." बारमध्ये कुणीतरी ग्लास आपटला, तसा त्यानं खांब घट्ट धरला. मी श्वास मोजायला लागलो आणि दर वेळी सातावर चुकत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी खांबावरचा हात सुटला. "चल. बाईंना फोन लाव. उद्याची वाट बघायला नको, आत्ताच भेटाय जाऊया."

बाटली बायकोनं मोरीत ओतलेली. सगळं घर त्या वासानं भरलेलं. उंबऱ्यात भाऊ वळून माझ्यासमोर उभा राहिला.

"घे वास. रोज चोरून घेतोस, आज सांगून घे."

मला घेता आला नाही. मान खाली घालून मी त्याचे बूट पुढं सरकवले.

त्या दिवशी बाई माझ्याशीच जास्त बोलल्या. आता साडेसहाला मी दारात उभा राहत नाही. आत खुर्चीवर डोळे मिटून बसतो, पोटावर हात ठेवून. भीती बेंबीच्या जरा वर बसते. फाटकाची कडी वाजेपर्यंत ती तिथून हलत नाही, आणि घोरायला तर मला आता अजिबात येत नाही.