राजम् मामींच्या दारातलं स्टिकर

बसा, कॉफी निवतेय. आता कुठून सुरुवात करू? असा काही घोटाळा करून ठेवलाय मी, की या वयात आमच्या मेलकावेरी वस्तीतल्या शाळकरी पोरांपुढे मान खाली घालून जातो. हसू आलं तर हसा. मलाही मधेमधे येतं, मग लाज वाटते.

आमच्या समोरच्या घरात राजम् मामी राहायच्या. तमिळ बाई, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. मुलगा बंगळूरला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुंभकोणमचे मराठी राव. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. त्यामुळे मामींशी माझं भांडण तमिळमध्ये आणि त्यांच्याविषयीची तक्रार सूनबाईजवळ मराठीत, अशी सोय होती. आज सगळं मराठीतच सांगतो.

तर कोलम. म्हणजे आपली रांगोळीच हो, पण इकडे ती रोज सकाळी दारात पडलीच पाहिजे. घरात कोणी गेलं तरच दार कोरं ठेवतात. त्यामुळे एखादं दार कोरं दिसलं की अख्खी गल्ली दचकते.

हे शाळेतल्या पोरांनी बरोबर हेरलं. त्यांची पुढारी कयल. नववीतली पोर, दोन वेण्या, सायकल, आणि आवाज थेट कलेक्टरीणबाईंचा! शाळेनं सांगितलं होतं, आपल्या वस्तीसाठी काहीतरी करा. बाकीच्या वर्गांनी झाडं लावली. हिनं टोळी जमवली आणि ठरवलं, शाळेला जाताना एकट्या म्हाताऱ्या माणसांची दारं बघायची. कोलम असलं तर पुढे. नसलं तर बेल. बेलला उत्तर नाही तर शेजाऱ्याला हाक. आणि बेल वाजवावी लागली, की काहीही असो, घरच्यांना फोन.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"कोणी नाही, तात्ता," ती म्हणाली. तात्ता म्हणजे आजोबा. "माझी आजी गेली तेव्हा दुपारपर्यंत कोणाला कळलं नव्हतं."



पण मामींची पंचाईत झाली. गुडघे धरलेले, हात थरथरणारे. एक दिवस कोलम काढायला उशीर झाला, पोरांनी बेल वाजवली, बंगळूरला फोन गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, अम्मा, आता पुरे, मी न्यायला येतो.

मामी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. डोळे भरलेले.

"राव, मी या घरात लग्न होऊन आले. मला इथून हलवू नका म्हणावं. तिथे चौदाव्या मजल्यावर कोलम कुठे काढू? लिफ्टपुढे?"

आता मला सांगा, अशा वेळी शेजाऱ्यानं गप्प बसावं? बसावं! पण माझ्या डोक्यात कल्पना आली, आणि माझ्या डोक्यात कल्पना आली की घरातली माणसं देव पाण्यात घालतात. दिवाळीला सूनबाईनं बाजारातून कोलमची स्टिकरं आणली होती. पांढरीशुभ्र. सिमेंटच्या पायरीवर चिकटवलं की दोन हातांवरून बघणारासुद्धा फसेल. त्यातलं एक मी मामींच्या दारात लावून दिलं. कडा उचकटू नयेत म्हणून खालून डिंकही फासला. वर छाती फुगवून म्हणालो, "झालं! आता वाकायला नको, थरथरायला नको."

"फसवणूक नाही ना हो ही?" मामी म्हणाल्या.

"छे! सोय आहे."

दुसऱ्या दिवशी पोरं आली, बघितलं, गेली. आम्ही दोघं आपापल्या ओट्यावरून एकमेकांकडे बघून असे हसलो, की जणू परीक्षेत कॉपी करून पास झालोय.

मग पाऊस पडला. गल्लीतली सगळी कोलमं वाहून गेली, आणि मामींचं? जसंच्या तसं! लांबून सायकलींच्या घंट्या ऐकू आल्या. मी लुंगी सावरत धावलो आणि त्यावर चटई टाकली. पोरांना सांगितलं, मामी छान आहेत, चटई वाळत घातलीय. पावसात! पण पोरं बिचारी, मोठ्या माणसाचं ऐकायची सवय.

आठवडाभरानं कयलनं ब्रेक लावला.

"तात्ता, पाटी रोज एकच कोलम का काढते?" पाटी म्हणजे आजी.

"नवस आहे तिचा," मी बिनदिक्कत ठोकून दिलं. "पूर्ण होईपर्यंत नक्षी बदलायची नाही."

पोरीनं सायकलवरून उतरून माझ्या त्या प्लास्टिकला हात जोडले हो! मला हसू दाबता दाबेना. आत जाऊन सूनबाईला सांगितलं, तर ती हसली नाही. "मामंजी, हे बरं नाही," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तुला गंमत कळत नाही.

आणि मग ती सकाळ आली.

मी ओट्यावर कॉफी घेत बसलो होतो. समोर नजर गेली. दारात कोलम. मी आत बघून म्हणालो, "मामी उठल्या बघ. कोलमसुद्धा काढून झालं."

ऐकलंत? कोण म्हणालं? मी! ज्या हातानं ते चिकटवलं, त्याच हातात कॉफीचा पेला धरून! पोरं फसली, मान्य. मुलगा फसला, मान्य. पण चिकटवणाराच फसावा? रोज बघून बघून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पोरं आली, बघून गेली. मी पेपर वाचला. शब्दकोडं सोडवलं.

दुपारी सूनबाई रसम द्यायला गेली तर दाराला आतून कडी. कान लावला, तर आतून कण्हण्याचा आवाज. दार फोडलं. मामी न्हाणीघराच्या दारात पडलेल्या, पहाटेपासून. खुब्याचं हाड मोडलेलं. हाका मारून मारून घसा बसला होता.

"पोरांच्या घंट्या ऐकू आल्या राव," मामी म्हणाल्या. "वाटलं, आता वाजवतील बेल."

त्यांना आठवण नव्हती की दारात स्टिकर आहे, की आठवण होती आणि बोलल्या नाहीत, ते मी आजवर विचारलेलं नाही. धीर नाही होत.

मुलगा आला. ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातूनच त्यानं त्यांना बंगळूरला नेलं. जाताना मला एवढंच म्हणाला, "अंकल, तुम्ही तर समोरच राहता ना?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कयलला मी स्वतः सगळं सांगितलं. म्हटलं चिडेल, ओरडेल. ती पायरीपाशी खाली बसली, नखानं स्टिकरची कड उचकटून बघितली आणि रडायलाच लागली.

"मला वाटायचं, पाटीचा हात बरा झाला. किती सरळ रेघ येते आता. मी घरी आईलासुद्धा सांगितलं होतं."

तुम्हाला सांगतो, मी नोकरीत साहेबांची बोलणी खाल्लीत, सासऱ्यांची खाल्लीत. असं कधी लागलं नाही. मी उलथनं आणलं आणि आम्ही दोघांनी ते खरवडून काढलं. माझा डिंक! तासभर निघेना. आता पोरं कोलमवर विश्वास ठेवत नाहीत. सरसकट प्रत्येक दाराची बेल वाजवतात आणि आतून माणसाचा आवाज आल्याशिवाय हलत नाहीत.

परवा मामींचा फोन आला. आवाज बारीक झालाय.

"राव, घराला कुलूप आहे. दार कोरं पडलंय का हो? मी मेले असं दिसायला नको."

"नाही मामी. रोज कोलम पडतं. खरं, पिठाचं."

"कोण काढतं?"

"मीच."

आणि मग मामी हसल्या. दवाखान्यानंतर पहिल्यांदा हसल्या असतील. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"तुम्ही? अय्यो राव, मग राहू दे कोरंच! तुमच्या त्या वाकड्यातिकड्या रेघा बघून लोकांना वाटेल, मी मेले आणि वर भूत होऊन कोलम काढतेय!"