विस्तवाला भिणारे मावसाजी

आमच्या मावसाजींइतका विस्तवाला भिणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. विलायतेला आपल्या कापसाचे वेड लागले होते, अमरावतीच्या बाजारात उभे राहायला जागा नव्हती, त्या दिवसांत ते अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांना पहारेकरी पुरवीत. दरोडेखोराशी बोलता येते, ठिणगीशी येत नाही, हे त्यांचे ठाम मत. गाड्या सुटण्याआधी ते चिलमीचा वास येतो का म्हणून प्रत्येक पहारेकऱ्याचे तोंड हुंगत आणि कमरेची चकमक काढून घेत. एकदा तर कापसाचे धनी असलेल्या शेटजींच्याच तोंडची चिलीम उपटून त्यांनी माठात बुडवली. "कापूस तुमचा हाय, पन पहारा माहा हाय," म्हणाले. शेटजींनी दुसऱ्याच दिवशी पहारा बदलला.

बदलायला माणूस होताच. पलटणीतून सुटलेल्या एका जमादाराने नवा पहारा उभा केला होता. बंदुका, घोडे, लाल पागोटी, शिवाय पुढे नगारा! एकेक व्यापारी तिकडे वळला. मावसाजींकडे लाठ्या आणि ओल्या गोणपाटांची एक गाडी. मावशी चिडून म्हणाली, "तुमी बी दोन बंदुका घ्या ना!"

"बंदुकीनं आग इझते काय?" ते म्हणाले, आणि उरलेल्या गाड्यांचे मुक्काम हट्टाने पाण्याकाठी हलवले.

मूर्तिजापुरापाशी एका संध्याकाळी दोन्ही तांडे नाल्याकाठी उतरले होते. जमादाराच्या लोकांच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि त्यांची पहिली गाडी भडकली. घोडे उधळले, बंदूकवाले पांगले. मी मावसाजींच्या हाताखालीच होतो. आमचा एक गडी म्हणाला, "जळू द्या ना, आपल्याले काय करा लागते?"

मावसाजींनी एक ओले गोणपाट डोक्यावर ओढले. "अबे, गाडीवान हायत ना तिथं!" असे ओरडून ते आगीत शिरले. गाडीवानांना बाहेर ओढून, दावी कापून त्यांनी बैल मोकळे केले. आम्ही ओली गोणपाटे घेऊन मागे धावलो. ती गाडी गेली, बाकीच्या वाचल्या. मावसाजींच्या भुवया गेल्या त्या पुन्हा नीट उगवल्या नाहीत. जमादार डोळे पुसत जवळ आला, तर ह्यांनी आधी त्याचे तोंड हुंगले. पुढे दोघांनी मिळूनच पहारा चालवला, पण नगारा मावसाजींनी बंद करवला.

मग आगगाडी आली. अकोल्याच्या ठेसनावर कापूस भरून डब्यांना कुलपे लागली, तेव्हा दोघे म्हातारे बघायला गेले होते. मावसाजींनी तिथल्या बाबूला विचारले, "याच्यासंगं कोन जाते?"

"कोणी नाही."

गाडी हलली. मावसाजी फलाटाच्या टोकापर्यंत तिच्या बाजूने चालत गेले. परत येऊन जमादाराला एवढेच म्हणाले, "कापूस एकटाच गेला ना बावा."