चंद्रिका टॉकीजची भुतं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. टॉकीजमध्ये खुर्च्यांखाली शेंगांची टरफलं साचतात ना, तसे. शो चालू असताना कुणाचं लक्ष नसतं. दिवे लागले की कळतं, अरे, केवढा हा ढीग! माझे दिवे आता लागलेत. नव्वदीला टेकलोय, आणि शेजारी बसून शेंगा खाणारे सगळे केव्हाच उठून गेलेत.

आठवायला निमित्त झालं ते भुतांचं! लालबागच्या आमच्या टॉवरमध्ये हल्ली ऑक्टोबर संपता संपता हॅलोविन करतात. परवा बेल वाजली. दारात चार-पाच पोरं, काळे झगे, प्लास्टिकचे सुळे. खाली हॉलमध्ये रॉक म्युझिक धडधडत होतं, त्यानं माझ्या कपाटाची काच थरथरत होती. एका पोराच्या पांढऱ्या शर्टावर छातीपाशी लाल रंग फासलेला.

"आजोबा, घाबरलात?"

"घाबरलो रे बाबा," म्हटलं आणि राजगिऱ्याचे लाडू दिले. पोरं खूश होऊन पुढच्या दाराकडे पळाली. मी मात्र बराच वेळ दाराला धरून उभा होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या त्या वर्षांत मी परळच्या चंद्रिका टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होतो. राहायला गिरगावात, पण जीव सगळा परळला. फर्स्टरन पिक्चर आमच्या नशिबी नव्हते. फोर्टातल्या थिएटरांत घासून-पुसून झालेले इंग्रजी भुतांचे पिक्चर आमच्याकडे मॅटिनीला यायचे. भाषा कुणाला कळायची नाही, पण भुताला भाषा कशाला लागते!

*

आमचे डोअरकीपर तात्या परब. कुडाळकडचे, आधी गिरणीत होते, छातीचा त्रास सुरू झाला म्हणून इकडे आले. अंगानं धिप्पाड, मिशा अशा की पिटातलं पब्लिक त्यांना बघूनच गप्प बसायचं. पण भुताला भयंकर भ्यायचे!

पहिला भुताचा पिक्चर लागला त्या दिवशीची गोष्ट. पडद्यावर शवपेटीचं झाकण हळूहळू वर येतंय, आतला मुडदा उठून बसतोय, सगळं थिएटर श्वास रोखून बसलंय. आणि धाड धाड धाड! तात्यांनी एका बाजूची सगळी दारं उघडून टाकली. भर दुपारचं ऊन आत. पडदा पांढराफटक. भूत गायब!

पब्लिकनं शिट्ट्या मारमारून छप्पर उडवायचं बाकी ठेवलं. मॅनेजर मेहेरजी, आमचा पारशी बाबा, धावत आला. "अरे तात्या, गाढवा, दरवाजा कशाला उघडला?"

तात्या घामानं निथळत म्हणाले, "सायबानू, मेल्लो माणूस उठान बसलो हा! त्येका भायर जावक वाट नको?"

त्या दिवसापासून भुताचा पिक्चर असला की तात्या दाराच्या बाहेर स्टूल टाकून बसायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत.

*

बाहेरचे बॅनर रंगवायचा वामन जाधव. डिलाइल रोडच्या चाळीत राहायचा. हात असा की एका फटकाऱ्यात डोळे जिवंत करायचा. आणि तोंड त्याहून फटकळ.

एकदा त्यानं रक्तपिपासू भुताचा वीस फुटी चेहरा रंगवून टॉकीजवर चढवला. दुपारी पाळी सुटली आणि रस्त्यात ही गर्दी! माणसं वर बघतायत, पोट धरधरून हसतायत. म्हटलं, भुताला हसतात कशाला? तर शेजारच्या गिरणीतला एक जॉबर होता, म्हणजे मुकादम, कामगारांना छळणारा, शिवीशिवाय न बोलणारा. बॅनरवरचं भूत म्हणजे हुबेहूब तो! फक्त सुळे जास्तीचे.

संध्याकाळी जॉबर स्वतः आला, लालबुंद होऊन. "कुणी काढलं हे?"

वामन ब्रश पुसत शांतपणे म्हणाला, "मी. मी भुतंबितं मानत नाही साहेब. बघितल्याशिवाय काढणार कसं? म्हणून ओळखीतलं एक काढलं."

बॅनर उतरवावा लागला. पण त्या जॉबरला गिरणगावात पुढं नावानं कुणी हाक मारली नाही. "ड्रॅकूला आला रे!" एवढंच.

*

आता दत्तूचं सांगतो.

दत्तू साताऱ्याकडचा, बारीक अंगाचा, हसरा. रातपाळी करायचा. सकाळी सुटला की चहा मारून सरळ आमच्या मॅटिनीला. पिटात तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसायचा आणि दिवे गेले की घोरायला लागायचा! एकच पिक्चर आठवडाभर रोज बघायचा, म्हणजे रोज झोपायचा. पण त्या पिक्चरचं त्याच्या अंगात काहीतरी घड्याळ बसलेलं असायचं. पडद्यावर शवपेटी आली, झाकण हललं, की दत्तू खाडकन जागा व्हायचा आणि अशी किंकाळी फोडायचा, "मेलो रं आयेऽऽऽ!"

सगळं थिएटर आधी दचकायचं, मग हसता हसता लोळायचं. वरच्या केबिनमधून मशीन चालवणारा आमचा फ्रान्सिससुद्धा खिडकीला तोंड लावून "वन्स मोअर!" ओरडायचा. बायका मुद्दाम विचारायला यायच्या, "तो ओरडणारा आलाय का आज?" मगच तिकीट काढायच्या.

शेवटी मेहेरजीनं फर्मान काढलं, "त्या छोकऱ्याला तिकीट लावू नको. पिक्चरमधला भूत फुकटचा पगार खाते. खरा काम तर हा करते!"

*

मग ते जानेवारीतले दिवस आले. मुंबईसकट महाराष्ट्र हवा म्हणून गिरणगाव पेटलं होतं. अश्रुधूर, दगड, कर्फ्यू. टॉकीजला कुलूप. मी गिरगावात अडकून पडलो होतो. लांबून फटाक्यांसारखे आवाज यायचे, आणि ते फटाके नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

दत्तूला गोळी लागली. त्या दिवशी तो मोर्च्यातही नव्हता. शेजारच्या घरात तापानं फणफणलेलं मूल होतं, त्याच्यासाठी दूध मिळतं का बघायला चाळीखाली उतरला होता. वामननं आणि आणखी दोघांनी त्याला उचलून आणलं. वामन पुढे मला एवढंच म्हणाला, "ओरडलासुद्धा नाही रे तो."

टॉकीज पुन्हा उघडलं तेव्हा डब्यात तोच पिक्चर पडलेला, तोच लावला. पब्लिक बरं आलं होतं. इतके दिवस घरात कोंडलेली माणसं. शवपेटी आली, ते बाहेर संगीतावरनंच कळलं. झाकण हललं. आणि मला तिकीटबारीत बसून आतली शांतता ऐकू आली. कुणी खोकलं नाही. शिट्टी नाही. सगळं थिएटर वाट बघत होतं. भूत पडद्यावर उठलं, चाललं, कुणाचा तरी गळा धरला. फ्रान्सिस पुढे सांगायचा, त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

वरच्या केबिनमध्ये फ्रान्सिसला ते सहन झालं नाही. त्यानं मशीन बंद केलं. अंधारात कुणीतरी हुंदका दिला. थोड्या वेळानं पिक्चर पुढे सुरू झाला. एकानंही तक्रार केली नाही.

शो सुटल्यावर बघतो तर तात्या आतून बाहेर येतायत! पूर्ण पिक्चर पिटाच्या दाराशी आत उभे होते.

"तात्या, भ्यालात नाही?"

त्यांनी बॅटरी खिशात टाकली. म्हणाले, "भायर बघलंय ता पुरे झाला. ह्या भूत निदान शो सुटल्यार घराक जाता."

*

फ्रान्सिस गोव्याचा. धोबीतलावला कुडीत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या बिऱ्हाडात राहायचा, गिटार वाजवायचा आणि बंदरातल्या बोटींवरच्या वादकांशी त्याची दोस्ती. तिथून काय काय घेऊन यायचा! त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मला म्हणाला, "मधू, अमेरिकेत आता हॅलोविन असतो. भोपळ्याला डोळे-तोंड कोरतात, आत दिवा ठेवतात. भुताच्या पिक्चरला मस्त पब्लिसिटी होईल."

भायखळ्याच्या बाजारातून लाल भोपळा आणला. वामननं कोरला. असले भयानक दात की मीच मान फिरवली! आत पणती लावून तिकीटबारीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. दोन दिवसांनी दिवाळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर भोपळ्याच्या कपाळाला हळद-कुंकू! पुढ्यात झेंडूची फुलं, फुटलेला नारळ. पहिल्या पाळीच्या बाया कामावर जाताना हात जोडून गेल्या होत्या. तेवढ्यात आणखी एक म्हातारी आली, पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "देवा, औंदा पोरास्नी सांभाळ. कुनाची कूस रिकामी करू नगो."

वामनच्या घरानं त्याच महिन्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. एरवी असल्या गोष्टीवर त्यानं तासभर भाषण ठोकलं असतं. मी म्हटलं, "अरे, सांग की तिला, भोपळा आहे म्हणून."

"तू सांग," तो म्हणाला आणि पणतीत तेल घालायला वाकला.

भोपळा नरम पडला तेव्हा तात्यांच्या बायकोनं त्याचे घारगे केले. फ्रान्सिस खाता खाता म्हणाला, "असला गोड भूत अमेरिकेतपण नसेल, वहिनी!"

*

पुढच्या वर्षी रॉक अँड रोलचा पिक्चर आला. फ्रान्सिस रीळ चढवायच्या आधी डब्यावर क्रॉस करायचा! पहिल्याच गाण्याला पिटातली पोरं बाकांवर चढली. गिरणीत रात्रभर मागाचे साचे चालवून आलेली पोरं ती, लेझीम आणि गोविंदाचे पाय. असे नाचले की दोन बाकं मोडली. मेहेरजी डोकं धरून बसला. तात्यांना हुकूम, "जो उभा राहील त्याला बाहेर काढ!"

तो पिक्चर चालू असतानाच नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सिसच्या धर्मात मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस असतो. कबरींवर मेणबत्त्या लावतात. तो सकाळी दत्तूच्या आईकडे गेला. हौसाबाई त्यांचं नाव, गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. त्यानं विचारलं, "मावशी, दत्तूच्या नावानं एक मेणबत्ती लावू का?"

त्या म्हणाल्या, "मेनबत्तीचं त्याला काय बाबा. त्याला शिनेमा दाव."

दुपारी त्या बारीवर आल्या. आयुष्यात कधी टॉकीजची पायरी चढल्या नव्हत्या. म्हणाल्या, "पोरा, दोन दे. त्यो बसायचा तिथली."

तात्यांनी त्यांना हाताला धरून नेऊन बसवलं. शेजारची जागा रिकामी. थिएटर गच्च भरलेलं, माणसं भिंतीला टेकून उभी, पण तिकडे कुणी सरकलं की तात्या नुसते बघायचे. तो मागे व्हायचा. त्या दिवशी मी बारी बंद केली आणि आत जाऊन तात्यांशेजारी उभा राहिलो.

गाणं सुरू झालं. गिटार कडाडली, ढोल धडधडायला लागला. पोरं उठली. हौसाबाई पदर तोंडावर धरून सरळ पडद्याकडे बघत होत्या. आणि मागच्या रांगेतलं एक पोरगं, नवीन होतं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं, नाचता नाचता उडी मारून त्या रिकाम्या जागेवर चढलं आणि बेभान होऊन नाचायला लागलं.

तात्या धावले. त्यांनी पोराची गचांडी धरली.

हौसाबाईंनी तात्यांचा हात धरला. "सोडा त्याला," त्या म्हणाल्या, "माझा काय गप बसून बघनार हुता?"