अजिनाथची छाती

अजिनाथच्या पायांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुधनीकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला गडी तो. पाच किलोमीटर पळून आला तरी शेजारच्याशी गप्पा मारत उभा राहायचा. घोडं अडलं होतं ते छातीपाशी. राखीव पोलिसांच्या भरतीत आधी टेप लावतात, मग पळवतात. न फुगवता एकोणऐंशी सेंटिमीटर आणि फुगवल्यावर स्वतःच्या त्या मापाहून आणखी पाच, एवढं भरलं तरच मैदानात सोडतात. अजिनाथची भरायची सत्त्याहत्तर. दोनदा गेला आणि दोनदा न पळताच परत आला. दुसऱ्या खेपेला रांगेतला एकजण म्हणाला, "ह्याला वर्षभर कातरू नका, लोकर वाढली की मोजा." ते बोलणं अजिनाथच्या आधी गावात पोचलं. गावाला दुसरा उद्योग काय असतो?

तिसरी भरती शेवटची होती. त्यानंतर वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे उचलत जन्म काढायचा. नवराबायको शहरात भवानी पेठेत एका खोलीत राहायचे. सुकन्या घरी शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवायची. लग्नात तिच्या बापाला 'पोरगा पोलिसात लागतोय' असं सांगितलेलं, त्यालाही आता चार वर्षं झाली होती.

मग अजिनाथनं पेठेतल्या पंचाक्षरी वस्तादांची तालीम धरली. वस्ताद म्हणजे खडूस माणूस. दर शनिवारी सगळ्यांसमोर छाती मोजायचे आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहायचे. आकडा घसरला की ओरडायचे, "अंगाला टेप लागला की छाती वर पायजे! मेलेल्या म्हशीगत उभं ऱ्हायचं न्हाय हितं." पोरं हसायची. अजिनाथनं धसका घेतला. टेप दिसला रे दिसला की तो श्वास ओढून छाती वर धरायचा, अगदी नकळत. हळूहळू ती खोडच जडली.

चार महिन्यांत छाती भरली, पण पळणं पार बसलं. भरतीची तयारी करून घेणारे दिपक सर मैदानावर घड्याळ घेऊन उभे असायचे. अठरा मिनिटांत येणारा अजिनाथ बावीसला आला तेव्हा सर म्हणाले, "अरे, तू पळतोयस का वरात घेऊन चाललायस?" त्यांनी तालीम बंद करायला लावली. पळणं सुधारलं, तर छाती उतरली. वस्तादांनी भिंतीवरचा जुना आकडा तळहातानं पुसला आणि नवा, लहान आकडा मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिला. दोन गुरूंमध्ये ह्याचं पार भजं झालं.

शेवटी कुणाला न विचारता त्यानंच मेळ घातला. सोमवार-गुरुवार तालीम, चार दिवस पळणं, रविवारी आराम. बैठकांनी मांड्या जड व्हायच्या म्हणून बैठका सोडल्या, जोर तेवढे ठेवले. पळून आला की उकडलेली अंडी, मटकी आणि दोन भाकरी. सुकन्या सुई खाली ठेवून आधी त्याला वाढायची. तिला तिसरा महिना लागला होता तरी तिनं एकदाही कुरकुर केली नाही. भरती आली तेव्हा अजिनाथ पुन्हा अठरा मिनिटांवर होता आणि अंगही टिकून होतं. हे जमवणं सोपं नाही महाराज, करून बघा.

एका दुपारी तो झोपलेला असताना सुकन्यानं आपला शिलाईचा टेप हळूच त्याच्या पाठीखालून घेतला आणि मोजलं. उठल्यावर सांगितलं, "ऐंशी भरली. झोपेत, सैल सोडून ऐंशी. आता कशाला भिताय?"

"झोपेतल्या मापाला कोण इचारतंय," अजिनाथ म्हणाला. तिचं तेवढं ऐकलं असतं तर!

भरतीच्या सकाळी तो उघड्या अंगानं रांगेतून पुढं सरकला. एक शिपाई टेप धरायला, एक साहेब लिहायला. टेपचा गार स्पर्श झाला आणि अजिनाथची छाती उचलली गेली. त्याला कळलं. श्वास सोडावा असं वाटलंही, पण डोळ्यांपुढं सत्त्याहत्तर उभं राहिलं.

"श्वास सोड," साहेब म्हणाले.

"सोडलाय साहेब."

"पूर्ण सोडलास?"

"व्हय साहेब."

"ब्याऐंशी. आता फुगव."

त्यानं होता नव्हता तेवढा जीव ओढला. शहाऐंशी. फरक चार. पाच पाहिजे होते.

"एक सेंटिमीटर कमी. अपात्र," साहेब म्हणाले. शिपायानं टेप अजून धरलेला होता. ते ऐकून अजिनाथचा सगळा श्वास सुटला आणि टेप सैल होऊन पोटावर घसरला. शिपायानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी पेन थांबवलं. माणूस वाईट नव्हता.

"मघाशी श्वास सोडला होतास ना रे? हरकत असेल तर आत्ता बोल, परत मोजू."

बोल की लेका! एका वाक्याचं काम होतं. पण वर्दीतल्या माणसाला 'मी दोनदा खोटं बोललो' असं सांगायचं कसं?

"सोडला हुता साहेब," तो म्हणाला, आणि 'हरकत नाही' लिहिलेल्या ओळीखाली सही केली.

गेटवर सुकन्या पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि हळूच विचारलं, "मी मोजली तवा ऐंशी हुती. तितं ब्याऐंशी कशी झाली?"

"टेपवाल्यानं मुद्दाम केलं. त्येंचा माणूस घ्यायचा आसंल," अजिनाथ म्हणाला. सुकन्यानं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. गावात त्यानं हेच सांगितलं आणि गावानं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच गाव त्याच्या बाजूनं बोललं.

आता तो कारखान्यात गठ्ठे उचलतो. सुट्टीच्या दिवशी दोघं गावी जातात. सुकन्याला आठवा लागलाय. त्याची आई म्हाळसाबाई दोघांना बिरोबाच्या देवळात नेते, मूठभर भंडारा उधळते आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं देवाला म्हणते, "ज्यानं खोटं बोलून माज्या लेकाची नोकरी खाल्ली, त्येचं वाटुळं कर. त्येचा वंश बुडव. त्येच्या घरात पाळणा हलू देऊ नगंस."

सुकन्या पोटावर पदर ओढून हात जोडते. म्हाळसाबाई उरलेला भंडारा घेऊन लेकाकडं वळते, आणि अजिनाथ मुकाट्यानं कपाळ पुढं करतो.