सात किलोंची सॅक आणि एक जिताडा

आमच्या पनवेलात कुणी हजला निघालं किंवा कुणाची मुलगी शिकायला कॅनडाला चालली, की तिकिटानंतरचं पहिलं काम ठरलेलं असतं. मुबारकभाईंना बोलवायचं. मुबारकभाई मुकादम येतात, चहा घेतात, सगळं सामान चादरीवर मांडायला लावतात आणि मग घरातल्या सगळ्यांना खोलीबाहेर काढतात. तासाभराने दार उघडतं तेव्हा चादर रिकामी असते आणि जे तीन बॅगांत मावत नव्हतं ते एकीत बसलेलं असतं. बुटात मोजे, मोज्यात साबण, कुकरच्या पोटात मसाल्याच्या पुड्या. वरून चिकटपट्टी, पट्टीवरून नायलॉनची दोरी उभी-आडवी, आणि चारी बाजूंनी इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव, गाव, फोन नंबर. त्यांनी भरलेली बॅग आजवर कुठल्याही विमानतळावर फुटलेली नाही. हे ते स्वतःच सांगतात, न विचारता.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढण्याचा मला मनापासून छंद आहे. पण बॅगेच्या बाबतीत मुबारकभाईंची चूक काढायला मला सहा वर्षांत जागा मिळाली नव्हती. एकतीस वर्षं ते मस्कतला एका गोदामात स्टोअरकीपर होते. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचे, दोन बॅगा घेऊन. बाकी संसार त्यांच्या बायकोने, नूरुन्निसाभाभींनी, एकटीने केला. मुलगी शबनम भाभींच्याच हाताखाली वाढली, शिकली, लग्न होऊन खारघरला गेली.

याच शबनमचा गेल्या नोव्हेंबरात फोन आला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. सातवा महिना लागणार होता आणि सतवाशाचं, म्हणजे सातव्या महिन्याच्या कौतुकाचं जेवण माहेरी ठरलं होतं. अम्मीने विचारलं, काय खावंसं वाटतं? तर म्हणाली, जिताडा. आमच्या रायगडात जावयाला, व्याह्याला, ज्याचा मान ठेवायचा त्याला जिताडा खाऊ घालतात, तेव्हा मागणं रास्तच होतं. पण पुढे ती म्हणाली, "तळ्यातला नको. खाडीतला हवा. आणि अब्बांनी स्वतः पकडलेला."

मुबारकभाईंनी फोन हातात घेतला आणि छातीवर हात ठेवून शब्द दिला. मी समोरच बसलो होतो. निवृत्तीनंतर त्यांना गळ टाकायचा नाद लागलाय खरा, पण सहा वर्षांत त्यांच्या गळाला लागलेला सर्वांत मोठा मासा म्हणजे वीतभर शिंगटी.

"मुबारकभाई," मी म्हटलं, "जिताडा काय सांगून येतो?"

"अविनाश, आयुष्यात पहिल्यांदा पोरीने सामान नाही मागितलं," ते म्हणाले. "मला मागितलं. इन्शाल्लाह, आणणार."

मी तिथल्या तिथे त्यांच्याबरोबर खाडीवर जायचं कबूल केलं. 

त्यांचा शाळासोबती जगन सुकापूरचा. त्याच्या भातशेतीवर आता पंधरा मजले उभे आहेत, त्यातले चार फ्लॅट त्याचे आहेत, पण माणूस अजून अनवाणी चिखलात शिरतो. त्याने जागा सांगितली. मोरा बंदराच्या अलीकडे खारजमिनीचा एक लांब बांध आहे, त्याच्या टोकाला उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचा दगडी दरवाजा. ओहोटी सरून पाणी फिरलं की जिताडा तिथे तोंड लावून उभा राहतो. गाडी जात नाही, तीन किलोमीटर पायी. म्हणजे पाठीवरची सॅक आली. आणि मुबारकभाईंच्या मणक्याची गादी सरकलेली असल्याने डॉक्टरांनी बजावलं होतं, सात किलोंच्या वर उचलायचं नाही.

सॅक घ्यायला आम्ही खारघरच्या ट्रेकिंगच्या दुकानात गेलो. तिथल्या अनुष्का नावाच्या मुलीने आदबीने विचारलं, "काका, किती दिवसांचा ट्रेक आहे?"

"सकाळी सहा ते दुपारी बारा."

तिने वीस लिटरची दाखवली. मुबारकभाईंनी ती उलटसुलट करून लहान मुलाच्या दप्तरासारखी बाजूला ठेवली आणि भिंतीवरच्या सर्वांत मोठ्या, सत्तर लिटरच्या सॅककडे बोट दाखवलं. "बॅग मोठी असली की जागा पुरते," हा त्यांचा सिद्धांत. अनुष्काने कंबरेचा पट्टा कसा आवळायचा, वजन खांद्यावर न घेता कंबरेवर कसं घ्यायचं, जड वस्तू पाठीलगत का ठेवायची, सगळं नीट समजावलं. हे मात्र त्यांनी विद्यार्थ्यासारखं ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "आणि काका, जे पहिल्यांदा लागणार ते सगळ्यांत वर." त्यावर ते हसले. "बेटी, मी एकतीस वर्षं बॅग भरतोय."

आदल्या संध्याकाळी त्यांनी ती भरली. मला खोलीत राहायची परवानगी होती, हा मान. तळाला दांड्याची घडीची जाळी, कारण ती चपटी. तिच्यावर टॉवेल, त्यात सुरी गुंडाळलेली. बुटात गळाच्या जादा दोरीची रिळं. पातेल्यात आमिषाचा डबा. थर्मास, नमाजाची जानमाज, औषधं, जादा पँट, डिसेंबरात रेनकोट, खजूर, बिस्किटं, दोन टॉर्च. ताणकाट्याला लटकवली तर साडेआठ किलो. एक टॉर्च आणि बिस्किटं गेली, थर्मास अर्धा केला. सहा किलो नऊशे ऐंशी ग्रॅमवर काटा थांबला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विमानतळावरून सुटल्याचं समाधान होतं. मग चिकटपट्टी. मग दोरी. मग मार्करने नाव.

"भाई, खाडीत कस्टमवाला नसतो," मी म्हटलं.

"सवय लागते," ते म्हणाले आणि मासा तोवर बर्फात राहील असं धरून पंधरवड्यानंतरच्या रविवारच्या जेवणाची वाटणी सांगू लागले. डोकं शबनमला, शेपटीकडचा भाग जगनला, मधल्या तुकड्यांतले दोन मला. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, पण माझ्या वाट्याला दोन तुकडे होते, म्हणून मी ती म्हण गिळली.

शनिवारी, अमावास्येनंतरच्या बीजेला, आम्ही उघाडीवर पोचलो. जगनकडे नायलॉनची एक पिशवी, तिच्यात गळाची दोरी, जिवंत कोलंबीचा डबा आणि दोन भाकऱ्या. मुबारकभाईंची सॅक पाहून तो म्हणाला, "काय रं मुबारक, मस्कतला परत चालला काय?" आपली कोलंबी त्याने मुबारकभाईंनी हातात आणलेल्या रॉडच्या गळाला लावली, कारण आमचं आमिष पातेल्यात, पातेलं सॅकमध्ये आणि सॅक दोरीत होती. मग तो चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बघायला चिखलात उतरला.

पाणी फिरलं. वीस मिनिटांत रॉड असा वाकला की मुबारकभाई दोन पावलं पुढे ओढले गेले. मासा एकदा वर उसळला आणि त्याचं रुपेरी अंग मी या डोळ्यांनी पाहिलं. हातभर जिताडा!

"अविनाश! जाळी!"

मी सॅकवर तुटून पडलो. गाठ निघेना. एकतीस वर्षांच्या अनुभवाची गाठ ती. नखं मोडली, दात लावले.

"सुरीने काप!"

"सुरी कुठाय?"

"आत!"

जगन ओरडा ऐकून चिखलातून धावत आला, पण गुडघाभर चिखलात धावणार किती? मुबारकभाईंनी मासा तीनदा दगडापर्यंत आणला. तिसऱ्या वेळी जगनने नुसत्या हाताने धरायला झेप घेतली, दोरी दगडाच्या धारेला घासली आणि तुटली. रॉड ताठ झाला. पाणी होतं तसं वाहत राहिलं.

जगन हसायला लागला आणि मुबारकभाईंचं तोंड पाहून थांबला. मला चूक सापडली होती, अगदी सहा किलो नऊशे ऐंशी ग्रॅमची, पण काढावीशी वाटेना.

"पुडचे बीजेला पानी परत याच येळेला फिरल," जगन म्हणाला. "त्याचे आदी नाय. पुनवेनंतरची बीज."

मी बोटं मोजली. पुनवेनंतरची बीज म्हणजे पुढचा सोडून त्याच्या पुढचा शनिवार. सतवाशाचा आदला दिवस.

घरी नूरुन्निसाभाभींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. त्या पंधरवड्यात मुबारकभाईंनी तळमजल्यावरच्या एका मुलाची बॅग भरायला नकार दिला, तेव्हा मात्र भाभी उठल्या. शुक्रवारी दुपारी त्यांनी सॅक चादरीवर उलटी केली, दोरी कात्रीने कापली आणि एकेक वस्तू उचलून नवऱ्याला विचारू लागल्या.

"हे कधी लागणार?"

"रेनकोट? पाऊस आला तर."

"डिसेंबरात? ठेवा कपाटात. ही पँट?"

"भिजलो तर."

"वाळाल. ही जाळी?"

मुबारकभाईंनी चष्मा काढून पुसला.

"जाळी बाहेर," भाभी म्हणाल्या आणि ती सॅकच्या बाजूच्या पट्ट्यात अशी अडकवली की एका हाताने ओढली तर सुटावी. सुरी कंबरेच्या खिशात. आमिष सर्वांत वर. पाण्याची बाटली पाठीलगत. औषधं झाकणाच्या कप्प्यात. जानमाजची घडी पाठीकडे, मणक्याला मऊ लागावी म्हणून. एवढं झालं तरी सॅक अर्धी रिकामी होती. मुबारकभाईंना ते बघवेना.

"जागा फुकट चाललीय, नूर."

"आणि मासा कशात आणणार आहात? डोक्यावर?"

मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. जो माणूस आयुष्यभर घराकडे भरलेली बॅग घेऊन निघाला, त्याला रिकामी बॅग घेऊन निघायचं हे सुचलंच नव्हतं. मुबारकभाई स्वतःच हसू लागले, पोट धरून. पंधरवड्यात पहिल्यांदा.

"तुम्हाला नुसतं भरायला येतं," भाभी म्हणाल्या. "या घरात बॅगा उघडल्या कुणी? उद्या मी पण येणार. कुठे काय ठेवलंय ते मला माहीत."

पुनवेनंतरच्या बीजेला आम्ही चौघं बांधावरून निघालो. भाभींच्या पायांत मुबारकभाईंचेच बूट, पुढे कापूस कोंबलेले. उघाडीवर मुबारकभाई सॅक पाठीवरच ठेवून रॉड धरून उभे राहिले, आणि भाभी त्यांच्या मागे. पाणी फिरायला वेळ होता. जगन तंबाखू मळत होता. तेवढ्यात भाभी सहज म्हणाल्या, "शबनमच्या वेळी मला पण जिताडाच खावासा वाटायचा."

मुबारकभाईंनी मान वळवली. "मग कळवलं का नाहीस?"

"कळवलं होतं. पत्रात. पत्र पोचायला वीस दिवस, उत्तर यायला वीस दिवस. तुम्ही गावी येणाऱ्या वहाबभाईंच्या बॅगेतून चीजचा डबा पाठवलात."

"मला... मला वाटलं, मासा कसा पाठवणार? म्हणून त्यातल्या त्यात चांगलं काहीतरी..."

"चांगलं होतं चीज," भाभी म्हणाल्या. "भावांनी जिताडा आणून दिला होता. मीच म्हटलं, नको."

"का?"

भाभींनी त्यांच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा आवळला. मी आणि जगन दोघेही अत्यंत लक्षपूर्वक पाण्याकडे बघत होतो. मुबारकभाईंनी एक हात रॉडवरून काढून मागे नेला आणि भाभींनी तो लगेच परत रॉडवर ठेवला. "लक्ष कुठंय? पाणी फिरलं."

खरंच फिरलं होतं. तासभर काही झालं नाही. जगनने दुसरी कोलंबी लावली, मग तिसरी. ऊन वर आलं. मुबारकभाईंचे ओठ हलत होते, दुआ म्हणत होते की माशाला शिव्या देत होते, ठाऊक नाही. पाण्याचा जोर ओसरत आला तेव्हा जगननेही माझ्याकडे बघून मान हलवली. आणि त्याच वेळी रॉड वाकला.

या वेळी मला कुणी हाक मारली नाही. मासा पहिल्यांदा दगडाशी आला तेव्हा भाभींनी पाठीवरच्या सॅकमधून एका हिसक्यात जाळी ओढली, दांडा उघडला, नवऱ्याच्या बगलेखालून वाकल्या आणि जाळी पाण्यात घातली. "वहिनी, शेपटाकडून नाय, तोंडाकडून!" जगन ओरडला. त्यांनी तोंडाकडून घातली. जाळी उचलली तर उचलेना, मग जगनने दांडा धरला, मी जगनला धरलं, आणि चौघं मिळून बांधावर आडवे झालो. आमच्या मधोमध जिताडा उड्या मारत होता. भाभींचा डोक्यावरचा पदर चिखलात, मुबारकभाईंचा चष्मा जगनच्या पोटाखाली. मी साठी उलटल्यावर एवढ्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो.

जगनने हातात तोलून सांगितलं, चार किलो. सॅकमध्ये तो असा बसला जणू तिची मापं त्याच्यासाठीच घेतली होती. बाकीच्या सामानासकट वजन सातच्या वर गेलंच, तेव्हा बांधावरून परतताना सॅक भाभींनी आणि जगनने आलटून पालटून घेतली. मुबारकभाई रिकाम्या हातांनी चालत होते आणि दर दहा पावलांवर मागे वळून बघत होते.

रविवारी जेवायला शबनम, तिचा नवरा मोहसीन, त्याचे आईवडील, जगन आणि मी होतो. फुलांच्या गजऱ्यांनी शबनमचा चेहराही नीट दिसत नव्हता, पण नजर मात्र पातेल्यावर होती. भाभींनी जिताड्याचं कालवण केलं होतं, नारळाच्या दुधातलं. मुबारकभाईंनी हट्टाने वाढप स्वतःकडे घेतलं. शबनमने ताट पुढे केलं. त्यांनी पातेल्यातून डोकं उचललं, सगळ्यांत मानाचा तुकडा, आणि तिच्या ताटावरून पुढे नेऊन भाभींच्या ताटात ठेवलं.

"अब्बा!" शबनम म्हणाली.

"अहो, तिला वाढा," भाभी म्हणाल्या. "डोहाळे तिचे आहेत."

"तिचे सात महिन्यांचे आहेत," मुबारकभाई म्हणाले. "थांबेल ती. तू तेहतीस वर्षं थांबलीस. खा."

विहीणबाई होत्या, व्याही होते, सगळ्यांच्या देखत भाभींनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी झालंय," आणि स्वतः केलेल्या कालवणाला नावं ठेवत, दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत असताना, त्यांनी ते डोकं चोखून चोखून संपवलं.