दाखल्यातला पाय

मी भाविक आहे, पण गरीब स्वभावाचा नाही. ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी तर मी देवाशी, वकिलाशी, बायकोशी, सगळ्यांशीच भांडत होतो. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये मी शिपाई होतो. बारावीचा निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंचा फ्लेक्स इमारतीवर बांधायचा, हे काम माझंच. त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर दोरी आवळताना मी खाली पडलो. खुब्याचं हाड मोडलं आणि उजवा पाय आखूड झाला. क्लासचे मालक, त्यांना आम्ही सर म्हणायचो, दवाखान्यात मोसंबी घेऊन आले. "आपण एक कुटुंब आहोत," म्हणाले. महिन्याभरात कामावरून काढल्याचं पत्र आलं. अपंगत्वाची भरपाई मागितली तर उत्तर आलं की तुमचा पाय भूकंपातच गेलेला आहे.

उत्तराला माझ्याच दाखल्याची प्रत जोडली होती. इथे मला लाज सोडून सांगावं लागेल. भूकंपात आमचं घर पडलं, वडील गेले. मी मात्र ढिगाऱ्यातून निघालो, नुसत्या खरचटण्यावर निभावलं. जखमींची यादी करायला साहेब आले, तेव्हा चुलता कानात म्हणाला, "लंगड जरा. फुडं नोकरीला कामी येतंय." मी लंगडलो. 'उजव्या पायास कायमची इजा' असा दाखला हातात पडला. क्लासमध्ये अर्ज करताना तोच जोडला, सरांना कीव यावी म्हणून. कीव आली, नोकरी मिळाली. दुसऱ्या दिवसापासून मी तीन-तीन जिने पळत चढत होतो, पण ते कुठल्या कागदावर नव्हतं.

मी दावा लावला. वकील म्हणाले, दाखल्याबद्दल विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. मध्येच सरांचा निरोप आला की दावा मागे घ्या, गेटवर खुर्ची टाकून देतो. बायकोला ते पटलं. "पोरीचं शिक्षण हाय. हाव म्हणा की," ती म्हणाली. मी म्हणालो, माझा हक्क देऊन वर खुर्ची देत असतील तर बसतो, हक्काच्या बदल्यात नाही बसणार. तोंडानं असा वाघ, पण आतून दाखल्याची भीती पोखरत होती. ते खोटं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

सुनावणीच्या आधीच्या गुरुवारी उदगीरजवळच्या पीराला गेलो. आम्ही शेतकरी हिंदू, पण घरात आजोबांपासून तिथला गुरुवार पाळतात. कुबडी टेकून उभा राहिलो आणि पीराला चक्क दम दिला, "सरांना खोटं पाड, न्हाई तर फिरून पायरी चढणार न्हाई." मोठ्यानं बोललो असणार. उदाच्या धुराजवळ बसलेली एक म्हातारी हसली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"काय मागून राहिलास रे बाबा?"

मी रागारागात सगळं सांगून टाकलं, दाखल्यासकट. का सांगितलं, मला ठाऊक नाही. ती म्हणाली, "म्हंजे दोघं बी खोटं बोलून राहिले. पीरानं कुनाकडून व्हावं?" मग माझ्या हातावर मलिदा ठेवून म्हणाली, "तुजं खोटं आधी टाक. मग भांड. लई भांड."

कामगार न्यायालयात सरांच्या वकिलांनी दाखला पुढे धरला. "हा तुमचाच ना?" माझे वकील डोळ्यांनी खुणावत होते. मी म्हणालो, "हाव, माझाच. अन् खोटा हाय. तवा म्या लंगडून दाखवलं होतं." माझ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. समोरचे वकील हसले, "म्हणजे तुम्ही लबाड आहात."

लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि त्याच लाजेबरोबर भीतीही गेली. पुढचं वाक्य कुठून आलं ते आजही सांगता येत नाही. वकिलांना ते सुचलं नव्हतं, आणि माझी तर तेवढी अक्कलच नाही. मी सरांकडे बोट करून म्हणालो, "साहेब, सरांनी ह्यो दाखला खरा मानला होता ना? मग लंगड्या मानसाला तिसऱ्या मजल्यावर का चढवलं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "उत्तर द्या." शेकडो पोरांपुढे माईकशिवाय बोलणारे सर नुसतं पाणी पीत राहिले.

निकाल माझ्या बाजूनं लागला. बायको मात्र, तिला आधी सांगितलं नाही म्हणून, आठवडाभर बोलली नाही. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. दर्ग्याच्या मुजावरांना विचारलं तर म्हणाले, गुरुवारी लई बाया येतात. मीही जास्त शोधलं नाही. पीराचे उपकार मानायला मला पुरावा लागत नाही. लोक म्हणतात, शरण जाणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं. मी गप्प बसलो नाही आणि बसणारही नाही. आपलं लपवलेलं तेवढं त्याच्या पायाशी ठेवायचं आणि मग ज्याच्याशी भांडायचं त्याच्याशी भांडायचं, मला एवढंच कळलं.

नंतर तो दाखला तहसीलला परत करायला गेलो. बाबू म्हणाला, "काढायला रांग लागती हितं. परत द्यायला तूच पयला आलास." बाहेर पडताना बाकावरची माणसं माझ्या पायाकडे कीव करत पाहत होती. पाहू देत. आता मी खरंच लंगडतो, पण कुणाला दाखवायला लंगडत नाही.