हेच द्या

देवाने पृथ्वी घडवायला घेतली तेव्हा आमचे व्याही सल्ल्याला नव्हते, हे आपलं नशीब. असते तर समुद्र खारा बरा की गोडा, हे अजून ठरायचं असतं आणि तुम्ही-आम्ही जन्माला यायची वाट बघत वर कुठेतरी ताटकळत उभे असतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुकानदारांच्या तीन पिढ्या त्यांना ओळखतात. आजोबा नातवाला दुकान सोपवताना गल्ल्याची किल्ली देतो, तसं म्हणे सांगून ठेवतो, ‘ते उंच, चष्मेवाले गृहस्थ आले की आधी चहा मागव. स्वतःसाठी.’

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. व्यापाऱ्याचा तराजू खरा की खोटा ते बघायचं आणि शिक्का मारायचा. नोकरी संपली, शिक्का सरकारजमा झाला, पण तपासणं काही सुटलं नाही. कलिंगड घेताना गाडीवरची सगळी कलिंगडं वाजवून बघतील, आणि शेवटी म्हणतील, ‘पहिलं पुन्हा एकदा द्या बरं.’ चप्पल घ्यायची तर ती घालून दुकानात फेऱ्या मारतील, मग जिना चढून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत जाऊन येतील, कारण सपाटीवर न चावणारी चप्पल चढावर चावते असा त्यांचा सिद्धांत. माझ्या मुलाचं स्थळसुद्धा त्यांनी असंच तपासलं. आमच्याकडे किती वेळा आले याची गणती नाही. एकदा आले ते थेट मोरीत गेले आणि नळ सोडून बघितला. मी म्हणालो, ‘अहो, मुलगी नळाला देताय का माझ्या पोराला?’ तर शांतपणे म्हणाले, ‘पोरगा बदलेल हो. नळाचं पाणी बदलत नाही.’ तेव्हाच मला हा माणूस आवडला. मी तसं तोंडावर बोललो नाही, ती गोष्ट वेगळी.

विहीणबाई होत्या तोवर हे सगळं निभत होतं. त्या दुकानात मागे स्टुलावर बसायच्या, पिशवी मांडीवर. व्याही सगळं उलटंपालटं करून दमले की त्या उठायच्या, एका वस्तूवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘हेच द्या.’ की संपलं. व्याही निमूट पाकीट काढायचे आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यांना सांगायचे, ‘मी फार विचार करून हे घेतलं.’ त्या गेल्या आणि व्याह्यांच्या घरात नवीन वस्तू यायचीच बंद झाली. पंखा बिघडला तर उन्हाळाभर वर्तमानपत्राने वारा घेतला, कारण पंख्यांची तुलना चालू होती.

एक सायकल तेवढी आली, ती मुलीने आणून दिली म्हणून. घरात बसून माणूस भिंती मोजायला लागला होता. सायकल मिळाली आणि व्याही सुटले. डोंबिवलीतली त्यांच्याच वयाची मंडळी जमली, रविवारी पहाटे टोप्या घालून निघायची. पण सायकलला चाकांच्या दोन जोड्या. बारीक चाकं डांबरी रस्त्याला, जाड खरबरीत चाकं मातीला. आज डांबर की माती हे ठरलं की चाकं बदलायची. ते ठरायचं नाही म्हणून पुढचं चाक बारीक आणि मागचं जाड अशी सायकल घेऊन ते आमच्या अंगणात आलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. विचारलं तर म्हणाले, ‘दोन्हीकडे निम्मं निम्मं.’

तर गेल्या उन्हाळ्यात हे आंबिवलीच्या मागच्या टेकाडात एकटेच गेले आणि चुकले. फोनवर नकाशा लावला होता, तो उन्हात दिसेना म्हणून उजेड वाढवला, आणि बॅटरी संपून फोनच आडवा झाला. दुपार टेकडीत गेली. संध्याकाळी वीटभट्टीच्या टेम्पोत विटांवर बसून घरी आले, सायकल मांडीवर, अंगभर लाल धूळ, जणू देवाला शेंदूर फासलाय. माझी सून इकडून धावत गेली. रडली, भांडली, आणि सांगून आली, ‘बाबा, दसऱ्याच्या आत तुझ्या सायकलला ते जीपीएसचं यंत्र लागलं पाहिजे. नाहीतर दसऱ्याला मी पूजा करीन आणि सायकल वॉचमनला देऊन टाकीन. बास.’ पोरगी आईवर गेलेली. बोलली म्हणजे करणार.

दुसऱ्या कोणाला हे सोपं गेलं असतं. साबणाच्या वडीएवढं यंत्र, हँडलवर बसवायचं, ते वर उपग्रहांना विचारून आपण कुठे आहोत ते दाखवतं, वळण आलं की पिपी करतं. गेला, घेतलं, आला. पण इथे निवडायचं होतं आमच्या व्याह्यांना, आणि ‘हेच द्या’ म्हणणारी बाई नव्हती. ते माझ्यासमोर ओटीवर बसून मांडणी करायचे. ‘हे बघा व्याही, डांबरावर वळण आधीच सांगणारं हवं. मातीत वळणच नसतं, तिथे आल्या वाटेने परत नेणारं हवं. उन्हात दिसलं पाहिजे, घामेजल्या बोटाने चाललं पाहिजे, बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे.’ मी म्हणालो, ‘येवढे गुण एका माणसात असते ना, तर गावाने त्याचं देऊळ बांधलं असतं. दोन यंत्रं घ्या.’ तर म्हणतात, ‘दोन तराजू ठेवणारा माणूस खोटा असतो.’

आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती येऊन गेले. सून आमच्या घरात कॅलेंडरकडे बघायची आणि मी सुनेकडे. शेवटी व्याह्यांनी मित्रांकडून तीन यंत्रं परीक्षेला मागून आणली, तिन्ही हँडलवर बसवली आणि मला म्हणाले, ‘चला, तुमच्या खाजणात. जिथे रस्ता नाही तिथेच याची परीक्षा.’

आता खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, हा माझा विषय. मी शाळा चौथीत सोडली ती याच खाजणात भात लावायला. आमचं गाव ठाकुर्लीच्या अंगाला, शेतं पुढे खाडीपर्यंत. बांधाला एक उघाडी होती, म्हणजे दगडी तोंड आणि त्यावर लाकडी फळी. भरतीला फळी टाकायची, ओहोटीला उचलायची, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाही. ती फळी उचलायचा मान आमच्या बापाकडे. मी म्हणालो, ‘यंत्र ठेवा बाजूला. डोळे बांधून नेतो तुम्हाला उघाडीवर.’ आणि माझी जुनी काळी सायकल काढली.

गावात नवीन उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या मागून खाली उतरलो. मोठ्या रंगीत पडद्याचं यंत्र पहिल्याच उतारावर घामाचं बोट लागून भलतीकडचा नकाशा दाखवायला लागलं. दुसरं अरुंद बांधाच्या मध्यावर ओरडायला लागलं, की मागे वळा. मी म्हणालो, ‘वळा की. एक चाक खाडीत, एक चिखलात, निम्मं निम्मं.’ तिसरं बटणांचं, काळपट, दिसायला गरीब. ते गप्प होतं. त्याच्यावर नकाशात काहीच नव्हतं, नुसती आम्ही आलो ती रेघ.

आणि मग बांध संपला. म्हणजे माझ्या हिशेबाने तिथे आंब्याचं झाड असायला हवं होतं आणि डावीकडे खाली वाट. झाड नव्हतं. भराव पडला होता, पलीकडे खाडीतली तिवरांची झाडी डोक्याच्या वर वाढलेली, तीही सगळीकडे सारखीच. मी म्हणालो, ‘असंच पुढं.’ पुढे गेलो. मग म्हणालो, ‘जरा उजवीकडं.’ पायाखाली पाणी चमकायला लागलं, भरती लागली होती. मोडक्या पत्र्याची एक शेड मला दिसली, आणि थोड्या वेळाने तीच शेड पुन्हा दिसली. व्याह्यांनीही ती दोन्ही वेळा पाहिली असणार. हा माणूस, जो कलिंगडाला सोडत नाही, तो एक अक्षर बोलला नाही.

थोडं पुढे गेल्यावर मागून एक बटण दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘व्याही, तुम्ही पुढेच राहा. रस्ता तुमचा आहे.’ आणि मी सायकल ढकलत पुढे चालत राहिलो. मागून अधूनमधून हळूच आवाज यायचा, ‘इकडे डावीकडे चिखल कमी वाटतोय, नाही का?’ किंवा ‘तो समोरचा खांब मघाशी आपण पाहिला होता बहुतेक.’ मी डावीकडे वळायचो. खांबाकडे जायचो. असं मी त्यांना वाट दाखवत दाखवत टॉवरांच्या मागे सुखरूप बाहेर काढलं. वर आल्यावर सायकल टेकवून म्हणाले, ‘तुम्ही होतात म्हणून.’ मी म्हणालो, ‘मग! यंत्रावर विसंबलो असतो तर बुडलो असतो.’ दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. ते गरीब यंत्र त्यांच्या हँडलवर होतं, आणि माझं लक्ष त्याच्याकडे होतं.

उघाडी काही सापडली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही ठाण्याला दुकानात गेलो. सून बरोबर येत होती, मी म्हणालो, ‘तू राहू दे.’ दुकानातल्या तरुणाने यंत्रं मांडली. व्याह्यांनी ती उन्हात नेली, सावलीत आणली, बोटं पाण्यात बुडवून दाबली. खिशातून वजनकाटा निघाला, दोन यंत्रं तोलून झाली. तरुणाने चहा मागवला, स्वतःसाठी. मागे एक स्टूल होतं, त्यावर मी बसलो होतो, पिशवी मांडीवर. दुकानाच्या काचेबाहेर झेंडूच्या राशी लागल्या होत्या, उन्हं कलली होती. व्याही मला म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात एक नवीन येणार आहे म्हणे.’ आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हा माणूस आज रिकामा जाणार आणि उद्या सायकल वॉचमनकडे जाणार. मग हा पुन्हा घरात बसून भिंती मोजणार.

मी उठलो. बटणांच्या, काळपट, गरीब यंत्रावर बोट ठेवलं आणि तरुणाला म्हणालो, ‘हेच द्या.’

व्याही माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि निमूट पाकीट काढलं. वाटेत कळव्याचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, ‘मी फार विचार करून घेतलं हे.’

‘दिसतंच आहे,’ मी म्हणालो.

दसऱ्याला सुनेने सायकलला झेंडूची माळ घातली आणि यंत्राला कुंकू लावलं. व्याह्यांनी आधी कुंकवाचा ओलेपणा तपासला, मग लावू दिलं.

आता माझे गुडघे सायकलचं ऐकत नाहीत. खरं तर मीच त्यांना सांगणं सोडलंय, पण डॉक्टरला वाटतं त्यानेच थांबवलं. यंत्र व्याह्यांच्या खिशातल्या फोनला सांगतं आणि तो फोन सुनेच्या फोनला, त्यामुळे रविवारी सकाळी ती ओटीवर माझ्यासमोर फोन ठेवते. त्यात एक निळा ठिपका सरकतो. तो ठिपका म्हणजे आमचे व्याही. ठिपका कधी डांबरावर भरभर जातो, कधी मातीत रेंगाळतो. चौकात उगाच थांबला की मी ओळखतो, कुठे जावं ते ठरत नाहीये.

मला न सांगता ते खाजणात जात राहिले होते, ठिपक्यावरून मला दिसायचं. दर वेळी थोडं पुढे, आल्या रेघेने परत. एका रविवारी ठिपका तिवरांच्या मधोमध थांबला, जिथे नकाशात नावगाव काही नाही. सून घाबरली. ‘अप्पा, बाबा हलत नाहीयेत. फोन करू?’ तेवढ्यात त्यांचाच फोन आला. ‘व्याही, दगडी तोंड आहे. फळी नाही. वर पिंपळाचं रोप आलंय. हीच का तुमची?’

मी विचारलं, ‘आतल्या अंगाला लोखंडी कडी आहे का?’ तपासायला वेळ लागला, लागणारच. ‘आहे.’

त्यांनी त्या जागेवर यंत्रात एक झेंडा रोवला आहे. सुनेने दाखवला मला. खाली नाव घातलंय, ‘व्याह्यांची उघाडी’. तेव्हापासून डांबर असो की माती, ठिपका दर रविवारी तिथे जाऊन थांबतो आणि फोन वाजतो. ‘भरती आहे. पाणी दुसऱ्या दगडापर्यंत आलंय.’ मी म्हणतो, ‘नीट बघा, दुसरा नसेल, तिसरा असेल.’ ते पुन्हा वाकून बघतात, पुन्हा सांगतात. सून म्हणते, ‘अप्पा, उन्हं तापली, बाबांना आता निघायला सांगा ना.’

‘थांब गं,’ मी म्हणतो, ‘पाणी उतरू दे.’